गाडी उचलली, शॉकअप मात्र जुनेच

माझ्या इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपला मागे पाटे आणि पुढे शॉकअपभोवती स्प्रिंग. त्यामुळे रिकामी गाडी पुढून वाकलेली दिसते, आणि बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड), विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) चढवलं की आणखी बसते. म्हणून पुढचे शॉकअप बदलायला एका गॅरेजमध्ये टाकली. ठरलं ते परदेशी अ‍ॅडजस्टेबल शॉकअप: अंगावर खाचा असतात, सर्कलिप, म्हणजे अडकवायची कडी, वरच्या खाचेत बसवली की स्प्रिंगची बैठक वर जाते आणि गाडी पुढून उचलली जाते. फिटिंगसकट ४५ हजार.

गाडी देताना मालकाने टेप लावून दाखवली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चांगले दोन इंच जास्त! चाकाआड पिवळेधमक शॉकअप. "साहेब, आता बघा कशी पळते."

पळाली ती खडखडत. स्पीडब्रेकरवरून चाक खाली आलं की खट्ट आवाज. विचारलं तर आधी "नवीन माल आहे, सेट होईल", मग "तुमचे बुश (सांध्यातले रबर) गेलेत". बुशचे पैसे वेगळे घेतले, हे सांगायलाच नको. आवाज तसाच, वर टायर एका कडेने झिजायला लागले.

दुसऱ्या मिस्त्रीने चाक काढून शॉकअप खरवडला. पिवळ्याखाली कंपनीचा काळा रंग, खाच एकही नाही. उंची आली होती ती शॉकअपच्या डोक्यावर घातलेल्या, लेथवर कातलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीने. चाकाला वर-खाली दोन आर्म, म्हणजे दांडे, धरून असतात; शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, म्हणून इंचभर चकतीने चाकापाशी जवळपास दोन इंच मिळतात. माप खोटं नव्हतंच. पण चाक आधीपेक्षा जास्त खाली लोंबतं, वरचा आर्म स्प्रिंगवर आपटतो, एक्सलचा जॉइंट जास्त तिरका फिरतो. माझ्या गाडीच्या एका जॉइंटवरचा रबरी बूट फाटून ग्रीस आतून सगळीकडे उडालं होतं.

चकतीला माझी हरकत नाही, हौशी लोक सांगून-सवरून घालतात. चकती घालून शॉकअपचे पैसे घेणं ही सरळ चोरी.

असं काम करून घेणार असाल तर जुने शॉकअप हौद्यात टाकून मागा. रंगवून परत बसवले असतील तर ते देणार कुठून? बॉनेट उघडून, चाकाच्या खोबणीत बॅटरी मारून स्प्रिंगच्या वर जाड कडं दिसतंय का बघा. चाकांच्या अलाइनमेंटचा आधीचा-नंतरचा छापील कागद घ्या. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. माझ्या बिलावर फक्त "सस्पेन्शन काम" आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली, तिथे पहिला प्रश्न बिलाचाच आला.