भोसरीहून बनवून घेतलेला क्वार्ट्झचा रिअ‍ॅक्टर
प्रकाशाच्या साहाय्याने पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्याच्या प्रयोगांसाठी आम्ही भोसरीतील एका छोट्या कारखान्याकडून हा रिअ‍ॅक्टर, म्हणजे अभिक्रियेचे बंद भांडे, बनवून घेतला. त्याची खिडकी क्वार्ट्झची आहे, ही मोठी जमेची बाजू; कारण अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपातील टायटॅनियम डायऑक्साइड या उत्प्रेरकाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करण्यासाठी प्रकाशाकडून लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने तो प्रामुख्याने अतिनील प्रकाशच शोषतो आणि साधी काच त्यातील कमी तरंगलांबीचा भाग अडवते. २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट बँड गॅपच्या ग्राफिटिक कार्बन नायट्राइड या दुसऱ्या उत्प्रेरकाला निळा प्रकाशही चालतो, तेव्हा केवळ त्याच्यासाठी एवढा खर्च केला नसता तरी भागले असते.

बाहेरून पाणी खेळवणारे आवरण पुण्याच्या एप्रिलमध्येही तापमान स्थिर ठेवते. तक्रार आहे ती रबरी बुचाची. नमुना घेण्यासाठी तीन-चार वेळा सुई टोचली की ते हवा आत घेऊ लागते, गॅस क्रोमॅटोग्राफच्या (वायूंचे मिश्रण वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर हवेतल्या नायट्रोजनचे शिखर डोके वर काढते आणि आत शिरलेला ऑक्सिजन उत्प्रेरकावरील प्लॅटिनमच्या कणांवर हायड्रोजनशी संयोग पावून पुन्हा पाणी बनवतो. हायड्रोजन कमी भरतो आणि उत्प्रेरक बिचारा विनाकारण बदनाम होतो! कारखानदाराने बूच बदलून दिले, पण तेही त्याच रबराचे. आता आम्ही दर प्रयोगाला नवे सिलिकॉनचे बूच लावतो.