उचलायचं की पेशंट लिफ्ट (माणसाला झोळीत बसवून उचलणारं यंत्र) घ्यायची?
लेक 19 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसतो), वजन 52 किलो. हातांनी उचलणं झटपट होतं, खर्च नाही, आणि तो माझ्या मानेत तोंड खुपसून हसतो, ते सुख वेगळंच. पण दोन माणसं लागतात, माझी कंबर धरते, आणि तो एकदम ताठरला की निसटेल अशी धास्ती वाटते.

लिफ्टला वेळ लागतो. त्याला कुशीवर वळवून झोळी अंगाखाली सरकवायची, पट्टे अडकवायचे, मग हळूहळू वर घ्यायचं. पण एकटीला जमतं. घेण्याआधी पलंग मात्र बघा: खाली सामानाचा बॉक्स असेल तर लिफ्टचे पाय आत जातच नाहीत. आम्हाला पलंग बदलावा लागला. तरीही माझं मत लिफ्टलाच. जवळ घ्यायला मी त्याच्या शेजारी आडवी होते.