विहिरीवर पवनचक्की की सौर पॅनेल?

आर्वीजवळ शेती करणाऱ्या मामेभावाने विहिरीवरच्या पंपासाठी या दोहोंपैकी काय घ्यावे असे विचारले, तेव्हा मी आधी वाऱ्याचाच हिशेब मांडला. वाऱ्यातील ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग निम्मा झाला की हाती उरतो तो केवळ आठवा हिस्सा. आपल्याकडे वारा जोर धरतो तो पावसाळ्यात, जेव्हा पऱ्हाटीला वरूनच पाणी मिळते. हरभऱ्याचे ओलीत करायच्या दिवसांत मात्र बांधावरच्या तुरीचे शेंडेही हलत नाहीत. सौर पॅनेल नेमके त्याच निरभ्र दिवसांत चालते, रात्री मात्र ते निरुपयोगी.

खर्चात तर तुलनाच उरत नाही, कारण शासकीय योजनेतील सौर कृषिपंपासाठी सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्केच हिस्सा भरावा लागतो. पॅनेलवरची धूळ घरचा माणूस पुसतो. पवनचक्कीचे बेअरिंग गेले की मनोऱ्यावर चढणारा कारागीर तालुकाभर शोधावा लागतो.

चिखलदऱ्यासारख्या उघड्या पठारावर, जिथे रात्रीही दिवे हवेत, तिथे बॅटरीसह छोट्या पवनचक्कीचा विचार करावा, तोही वर्षभर वारा मोजून. काळ्या सपाट रानातल्या ओलितासाठी सौर पंपच घ्यावा.