ओंटारियोत मेंटॉर घेतला: वर्षभरानंतरचा अनुभव

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात नवीन आलेल्यांना आपल्या क्षेत्रातला अनुभवी मार्गदर्शक, म्हणजे मेंटॉर, जोडून देणारे प्रोग्राम असतात. घाईत असाल तर आधीच सांगते, मेंटॉर नोकरी लावून देत नाही. प्रोग्रामच्या पहिल्याच कागदावर तसं छापलेलं असतं आणि त्याखाली आपली सही घेतात. तरी आपल्यातले बरेच जण ‘ओळख होईल, कुठंतरी रेफरल मिळेल’ या आशेवर नाव नोंदवतात आणि दुसऱ्या महिन्यात वैतागून सोडतात. मी शेवटपर्यंत गेले. आता वर्ष होत आलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटी विभागात होते, शेवटी मॅनेजर. पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घेऊन टोरोंटोच्या बाजूला आलो. या भागात ट्रीएक संस्थेची मेंटॉरिंग पार्टनरशिप 2004 पासून चालू आहे, ती सगळ्यांना माहीत असते. मी गेले तो वेगळा, छोटा प्रोग्राम होता, नाव देत नाही. फी नाही. तीन महिने, साधारण आठवड्याला एक तास, आपल्या क्षेत्रातल्या माणसाबरोबर.

‘आपल्या क्षेत्रातल्या’ हे मात्र तपासून घ्या. मला पहिल्यांदा दिलेले मेंटॉर बँकेत ऑपरेशन्समध्ये होते. माणूस फार सज्जन, वेळेचा पक्का. पण ‘आत्मविश्वास ठेव, नेटवर्किंग कर, लिंक्डइनवर रोज काहीतरी टाक’ याच्या पुढं गाडी जाईना. यात त्यांचा काय दोष? पीपीएपी (नवीन पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायची ऑटोतली पद्धत) म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नाही. मी को-ऑर्डिनेटरला ईमेल करून बदल मागितला. तिला ते फारसं आवडलं नाही आणि दुसरा माणूस मिळेपर्यंत बरेच आठवडे गेले. तरी माझं मत ठाम आहे: मेंटॉर जुळत नसेल तर संकोच न करता बदल मागा. चांगल्या स्वभावाचे लोक इथं पुष्कळ भेटतात, आपल्या धंद्यातला माणूस मात्र तासभर निवांत सापडत नाही.

दुसरे मेंटॉर वीसेक वर्षांपूर्वी फिलिपिन्सहून आलेले, एका टियर-वन (गाड्यांच्या कंपन्यांना थेट पार्ट पुरवणाऱ्या) कंपनीत क्वालिटीचे प्रमुख. त्यांनी रेझ्युमे मागितलाच नाही. ‘तू अर्ज केलेल्या जाहिराती पाठव,’ म्हणाले. मग एकेक जाहिरात घेऊन त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर कुठल्याही वेबिनारमध्ये ऐकायला मिळालेलं नाही. ही जागा नवीन पार्टच्या लाँचसाठी आहे, म्हणजे सहा महिने रात्रंदिवस काम आणि मग कदाचित नोकरीच जाणार. या दुसऱ्या कंपनीनं तीच जागा तीनदा काढलीय, तिथं माणूस का टिकत नाही ते आधी शोध. या तिसऱ्यात ‘अमेरिकेत प्रवासाची तयारी’ असं लिहिलंय, तिथं तुझा अर्ज बाजूला पडणार.

हे शेवटचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. सप्लायर क्वालिटीच्या, म्हणजे पुरवठादारांचा माल तपासणाऱ्या माणसाला मिशिगन-ओहायोला सतत जावं लागतं. कॅनडाच्या नागरिकाला त्यासाठी साधारणपणे व्हिसा लागत नाही, पण भारतीय पासपोर्टवर आलेल्या पीआरधारकाला लागतो. आपण गप्प बसलो तर मॅनेजर आपल्या मनानंच ‘ही जाऊ शकणार नाही’ असं धरून पुढच्या अर्जाकडे जातो. त्यामुळे अमेरिकेच्या बी-वन/बी-टू (कामानिमित्त भेट आणि पर्यटन) व्हिसाचा अर्ज आधी करून ठेवायचा आणि मिळाला की रेझ्युमेत एका ओळीत लिहायचं.

तसंच गाडीचं. केंब्रिज, वुडस्टॉक, ॲलिस्टन, ग्वेल्फ इथले प्लांट म्हणजे पहाटे बस मिळेल असली ठिकाणं नव्हेत. भारतातल्या लायसन्सची इथं थेट अदलाबदल होत नाही, पण गाडी चालवल्याचा जुना अनुभव धरला जातो. दोन वर्षांहून जास्त अनुभव दाखवायचा तर अधिकृत पत्र लागतं. ते पत्र भारतातून निघतानाच घेतलं असेल तर उत्तम.

मग पी.इंज.चा, म्हणजे इंजिनिअरच्या सरकारमान्य लायसन्सचा विषय. आल्या आल्या प्रत्येक जण ‘आधी लायसन्स’ म्हणतो. हे लायसन्स देणाऱ्या ओंटारियोच्या पीईओ संस्थेनं मे 2023 पासून कॅनडातल्या वर्षभराच्या अनुभवाची अट काढून टाकली, हे चांगलंच झालं. तरी एकूण 48 महिन्यांचा अनुभव, क्षमतांचं मूल्यमापन आणि एनपीपीई ही व्यवसायाचे कायदे-नीतिनियम यांवरची परीक्षा हा रस्ता लांबच आहे. मेंटॉरनी विचारलं, ‘तुझ्या कामाला ते लागतं का?’ कारखान्याच्या आत, मालकाचं उत्पादन ज्या यंत्रांवर होतं त्यांच्याशी निगडित कामासाठी ओंटारियोच्या कायद्यात लायसन्समधून सूट आहे, आणि क्वालिटीच्या जाहिरातींत पी.इंज.पेक्षा एएसक्यू या क्वालिटीवाल्यांच्या संस्थेचं सीक्यूई (क्वालिटी इंजिनिअर) सर्टिफिकेट जास्त दिसतं. मी पी.इंज.चा नाद सोडला आणि माझ्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या. बांधकाम किंवा स्ट्रक्चरलवाल्यांनी मात्र हा सल्ला उचलू नये, तुमचं गणित वेगळं आहे.

एक सल्ला मला तेव्हाही पटला नाही आणि आजही अर्धाच पटतो. तेव्हा मी वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करत होते. ते म्हणाले, ती सोड आणि थर्ड पार्टी कंटेनमेंट कंपनीत जा. म्हणजे प्लांटमध्ये खराब माल सापडला की तो वेगळा काढायला बाहेरून माणसं आणतात, ते काम. पगार वेअरहाऊसएवढाच, पण तू कारखान्याच्या मजल्यावर असशील, तिथल्या क्वालिटीच्या लोकांना तुझं तोंड ओळखीचं होईल, आणि रेफरन्सला नाव देता येईल. तोवर ठीक. पुढं म्हणाले, रेझ्युमेतून ‘मॅनेजर’ काढ, मोठ्या हुद्द्याला घाबरतात लोक. मी कंटेनमेंटमध्ये गेले, फायदाही झाला. हुद्दा काढला नाही, फक्त खाली सरकवला. दहा-बारा वर्षांची कमाई स्वतःच्या हातानं पुसायला लावणारी व्यवस्था बरोबर आहे असं मला वाटत नाही, मग सल्ला कितीही व्यवहारी असो.

मुलाखतीच्या सरावाला ते कडक होते. ‘आम्ही 8डी (दोषाचं मूळ शोधायची आठ टप्प्यांची) पद्धत वापरतो’ असं सांगितलं की हात वर करून थांबवायचे. कुठला पार्ट, किती नग अडकले, पहिला फोन कोणाला केलास, ग्राहक काय म्हणाला? एकच प्रसंग, आकड्यांसह, दोन मिनिटांत. तीन-चार प्रसंग असे घोटून घेतले की जवळपास कुठल्याही प्रश्नाला त्यातला एक लागू पडतो.

त्यात एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेनं आयात गाड्यांवर 25 टक्के शुल्क लावलं आणि ऑटोमधल्या माझ्यासारख्यांच्या जागा एकदम गोठल्या. प्रोग्रामची मुदत संपत आलेली. इथं मेंटॉरचा खरा उपयोग झाला. ‘ऑटोचं विसर, तुझं काम ऑटोपुरतं नाही,’ म्हणाले, आणि वैद्यकीय उपकरणांचं आयएसओ 13485, विमानांच्या सुट्या भागांचं एएस9100, अणुवीज केंद्रांना माल पुरवणाऱ्यांसाठीचं सीएसए एन299 यांतलं आपल्या ऑटोच्या आयएटीएफ 16949 या क्वालिटी मानकाशी काय जुळतं, काय जुळत नाही, हे माझ्याकडून कागदावर मांडून घेतलं. डार्लिंग्टन अणुवीज केंद्राच्या कामांमुळे एन299 वाल्या छोट्या वर्कशॉपना कागदपत्रांत पक्की माणसं हवी असतात. अशाच एका ठिकाणी मी आज आहे. कॉन्ट्रॅक्टवर, हुद्दा टेक्निशियनचा, काम मात्र इंजिनिअरचं. तिथला अर्ज मी स्वतः केला होता, मेंटॉरची तिथं ओळख नव्हती.

बाकीचं पटकन. ऑनलाइन वर्कशॉप सगळी एकाच साच्यातली, दोन पाहिली की पुरे. दर महिन्याला फीडबॅक फॉर्म भरायला लावतात, तो बहुधा त्यांना वर दाखवायला लागतो. तीन महिने कमी पडतात. इथं एकेक भरती त्याहून जास्त चालते, म्हणून मुदत वाढवून मिळते का ते पहिल्याच भेटीत विचारा. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या सेवा मुख्यतः पीआरधारकांसाठी असतात. वर्क परमिटवाल्यांना सहसा घेत नाहीत आणि नागरिकत्व मिळाल्यावर आपण त्यातून बाहेर पडतो, तेव्हा ‘नंतर बघू’ करत बसू नका.

आणि नवीन कायद्याबद्दल. 1 जानेवारी 2026 पासून ओंटारियोत 25 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना जाहिरातीत कॅनडातला अनुभव मागता येत नाही, पगाराची रेंज द्यावी लागते, आणि मुलाखत झालेल्याला 45 दिवसांत निर्णय झाला की नाही ते कळवावं लागतं. आता प्रश्न ‘इथल्या ग्राहकांबरोबर काम केलंय का?’ असा फिरून येतो. त्याला माझ्या मेंटॉरनी बसवून दिलेलं उत्तर असं: ज्या ग्राहकाचे पार्ट तुम्ही तिकडे बनवत होता त्याचं नाव घ्या आणि त्याच्या मागण्या जगभर त्याच असतात हे एका उदाहरणानं दाखवा. माझ्या बाबतीत ते चाललं. आयटी किंवा फायनान्सवाल्यांनी हाच प्रश्न कसा हाताळला ते खाली लिहिलंत तर नवीन येणाऱ्यांना उपयोग होईल.