बाबांसोबत दिवसभराची सायकल सफर: पुणे–वाई की अलिबाग–मुरूड?

एका दिवसात दोन्ही होतात. पण साठी ओलांडलेले बाबा सोबत असतील, तर मी अलिबाग–मुरूडच निवडेन.

पुणे–वाई साधारण ८५ किलोमीटर. कात्रज ओलांडलं की शिरवळपर्यंत वेग छान मिळतो, पण महामार्गावर ट्रकच्या आवाजात गप्पा होतच नाहीत. त्यात खंबाटकीची चढण ऐन उन्हात येते. सुरूरला आत वळल्यावर कुठे जीव भांड्यात पडतो.

अलिबाग–मुरूड पन्नासच्या आसपास. मुंबईहून वाहनं नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडव्याला उतरलात, तर आणखी वीसेक धरा. रेवदंड्याच्या पुलाखाली कुंडलिकेची खाडी, आणि कोर्लईपासून पुढे समुद्र उजव्या हाताला. चढ आहेत, पण छोटे. बाबा उतरून सायकल हातात धरून चालू लागले की आपणही उतरायचं. त्यांच्या नोकरीच्या काळातल्या गोष्टी नेमक्या तिथेच निघतात. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, नुसता वाहत राहतो, म्हणून तहान लागायची वाट न बघता त्यांच्या हातात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली द्यावी. काशीदला शहाळं, नांदगावला सुपारीच्या वाडीची सावली.

वाई तरुण मित्रांसोबत, थंडीत, पहाटे पाचला निघून करावी.