टेक्ससचा दगड आणि केंटकीच्या फ्रेमा
अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २७ जून २००५ ला सरकारी जागेत टेन कमांडमेंट्स (बायबलमधल्या देवाच्या दहा आज्ञा) लावण्यावर दोन निकाल दिले, दोन्ही ५-४ ने पण एकमेकांच्या उलट. टेक्ससला विधानभवनाच्या आवारात या आज्ञा कोरलेला १९६१ पासूनचा सहा फुटी दगड, आजूबाजूला बाकीची स्मारकंही आहेत, म्हणून तो राहू दिला. केंटकीत मात्र १९९९ ला कोर्टाच्या इमारतीतच या आज्ञांच्या फ्रेमा लावल्या, केस झाल्यावर शेजारी इतर कागदपत्रं टांगली, पण मूळ हेतू धार्मिकच म्हणून नकार मिळाला. न्या. ब्रेयर एकटेच दोन्हीकडे बहुमतात. मला केंटकीचा निकाल जास्त पटतो, बागेतल्या दगडाला वळसा घालता येतो हो, पण कोर्टात माणूस आधीच घाबरलेला असतो, त्यात भिंतीवर दुसऱ्याच्या देवाची आज्ञा दिसली तर इथे आपलं ऐकतील का असं वाटणारच ना.