थ्री-नॉट-थ्री की तीनशे पंधरा?

मोहोळकडच्या आमच्या मामांच्या वाड्यात .३१५ची परवान्याची रायफल आहे. ती पाहिली की पाहुणे हमखास विचारतात, "ही पोलिसांची थ्री-नॉट-थ्री (.३०३) का?" नाही, पण घराणं तेच. ली-एनफिल्ड या .३०३च्या ब्रिटिश रायफलीचाच बोल्ट (गोळी भरायला मागेपुढे सरकवायचा खटका), बांधणी पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची.

अस्सल .३०३चा मान मोठा. दोन्ही महायुद्धांत वापरलेली, १० गोळ्यांचं मॅगझिन, आणि बोल्ट असा सरकतो की हात आपोआप वेग धरतो. मला मनापासून आवडते ती हीच. पण आपल्याकडे .३०३ प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. सामान्य माणसाला तिचा परवाना जवळपास अशक्यच.

.३१५ अप्रतिबंधित. सोलापूर शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. गोळीही देशातच बनते, परवानाधारक दुकानात रीतसर मिळते. एक मात्र जपा: .३०३ची गोळी .३१५मध्ये कधीही घालू नका, काडतुसाचा आकारच वेगळा आहे.

इतिहास हातात घ्यायचा असेल तर .३०३, पण घरात ठेवायची तर मी .३१५च घेईन. मामा दर पावसाळ्यात तिची नळी तेलाच्या फडक्याने स्वतः पुसतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.